आसन क्रमांक एकशे सतरा

खिसे तपासल्याशिवाय कपडा पाण्यात घालायचा नाही, हा थोरलीचा सव्वीस वर्षांचा नेम. घरचे त्याला संशयी स्वभाव म्हणत. ती त्याला काटेकोरपणा म्हणे. या नेमापायी तिला आजवर बरंच काही सापडलं होतं. सासऱ्यांच्या सदऱ्यात डॉक्टरांनी बंद केलेल्या तपकिरीची डबी, धाकट्या दिराच्या पँटीत कुणाचे तरी दोन खोटे दात, आणि नवऱ्याच्या खिशात एकदा अशी एक चिठ्ठी, की जिच्याबद्दल तिने दीड वर्ष तोंड उघडलं नव्हतं. त्या मंगळवारी ननंदेच्या कोटाच्या खिशात सापडला पत्त्यांचा जोड.

पत्ते नव्हते ते. खालच्या ऑफिसातली जुनी जाहिरातपत्रकं पत्त्यांच्या आकाराची कापून त्यांना रबर लावलेलं. एका बाजूला अर्धी बाल्कनी, पाव स्वयंपाकघर, आणि पाठीमागे ननंदेचं बारीक, टोकदार अक्षर. पहिल्यावर लिहिलं होतं : ‘बक्षीसपत्र करून देणारी व्यक्ती शुद्धीवर असली पाहिजे आणि सही स्वखुशीची असली पाहिजे.’ दुसऱ्यावर : ‘सहमालकाला आपला हिस्सा इतरांना न विचारता विकता येतो का? येतो.’ तिसऱ्यावर नुसतंच : ‘ताबा म्हणजे मालकी नव्हे.’

कपडे बादलीतच राहिले.

घर सासूबाईंच्या नावावर होतं. वर राहायच्या पाच खोल्या, खाली रस्त्याला लागून घरं-जागांच्या खरेदी-विक्रीचं ऑफिस. सासरे गेल्यावर ऑफिस दादाने, म्हणजे थोरलीच्या नवऱ्याने सांभाळलं. ननंद सासर सोडून परत आली त्याला एकोणीस वर्षं झाली होती. तेव्हापासून तीही खालीच बसे, दाराजवळच्या टेबलाशी. अंगाने काडी, बोलायला टोक, आणि सगळे कागद जागच्या जागी लावून ठेवणारी, म्हणून सासऱ्यांनीच तिचं नाव टाचणी ठेवलं होतं. ते तिला इतकं चिकटलं, की गिऱ्हाइकंसुद्धा ‘टाचणीबाई आहेत का’ विचारत.

आणि गेले तीन आठवडे एक गोष्ट थोरलीच्या डोळ्यांत खुपत होती. दुपारी दोन वाजले की ऑफिसला जेवणाची सुट्टी. एरवी सासूबाई त्या वेळी पाठ टेकायच्या. आता त्या चष्मा घेऊन लेकीच्या खोलीत जात, आतून कडी लागे, आणि रेडिओ मोठा होई. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला, जिला रेडिओच्या आवाजाने डोकं दुखतं, तिला दोन तास रेडिओ कशाला हवा?

‘शुद्धीवर असली पाहिजे,’ थोरलीने पुन्हा वाचलं. शुद्धीवर आहेत तोवर उरकून घ्यायचं, असा सरळ अर्थ होता.

दुसऱ्या दिवशी दादा जेवायला वर आला तेव्हा तिने त्याच्या ताटाशेजारी ते कागद ठेवले.

“हे काय?” त्याने एक उचलून धरला, बाल्कनीची बाजू बघितली, मग अक्षराची. “वाच.”

“दिसत नाही का?”

“हात खरकटा आहे. वाच तू.”

थोरलीने एकेक वाचला. पाचव्या-सहाव्यावर चार पर्याय होते, अ, ब, क, ड. दादाचं जेवण थांबलं. त्याचा चेहरा असा झाला, जसा गिऱ्हाइकासमोर एखाद्या घराचं छत गळायला लागल्यावर होतो.

“तारीख कधीची आहे?” त्याने विचारलं.

“कसली तारीख?”

दादा गडबडला. “नाही म्हणजे... जे काही चाललंय त्याची.” मग एकदम आवाज चढवून म्हणाला, “रविवारी धाकट्याला बोलावून घे. समोरासमोर होऊन जाऊ दे.” आणि अर्धं ताट टाकून उठला.

थोरली खरकटं ताट घेऊन तशीच उभी राहिली. आपण बक्षीसपत्र म्हटलं, हिस्सा म्हटलं, सासूबाईंचं नाव घेतलं. त्यातल्या एकालाही हा माणूस दचकला नाही. दचकला तो पर्यायांना. आणि विचारतो तारीख.

संशयाचं असं असतं, की एका दारावर बसलेलं कुत्रं दुसऱ्या दारात खुडबुड झाली की मान वळवतंच. थोरलीने हात धुतले आणि दोऱ्याच्या रिळांचा डबा काढला. तळाशी ती चिठ्ठी होती. बोटभर लांबीची, छापील, गुलाबी : ‘दालन क्र. ४, आसन क्र. ११७.’ दीड वर्षापूर्वी दादा ‘बाहेरगावी जमीन दाखवायला’ गेला होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून गेला आणि डोकं धरून परत आला. चार दिवस कुणाशी धड बोलला नाही. तिने चिठ्ठी बघितली आणि मनाशी नाटकाचं थिएटर उभं केलं. एकशे सतरावर हा. मग एकशे अठरावर कोण? त्या एकशे अठराला तिने दीड वर्षात चेहरा दिला, केस दिले, साड्या दिल्या, आवाजसुद्धा दिला. सहा महिन्यांपूर्वी तो पुन्हा तसाच गेला, तसाच परत आला, तेव्हा एकशे अठराबाईंचं आणि त्याचं बिनसलं असावं असंही तिने ठरवून टाकलं होतं.

दुपारी टाचणी गिऱ्हाइकाला घर दाखवायला गेली आणि सासूबाई गॅलरीत बसल्या, तशी थोरली ननंदेच्या खोलीत शिरली. धुतलेला कोट ठेवायचं निमित्त होतं. टेबलाचा खण अर्धवट उघडाच होता, असं तिने नंतर स्वतःला सांगितलं.

आत एक जाड पुस्तक : ‘स्थावर मालमत्ता विक्री परवाना परीक्षा : प्रश्न आणि उत्तरे’. त्यात खुणेला ठेवलेलं प्रवेशपत्र. पुढच्या आठवड्यातली तारीख, टाचणीचा फोटो, आणि खालच्या कोपऱ्यात कापून घ्यायची एक गुलाबी चिठ्ठी. ‘दालन क्र. २, आसन क्र. ४३.’ तोच कागद, तेच टाइप, तीच कातरी रेघ.

थोरली पलंगाच्या कडेवर बसली. दीड वर्षं पोसलेली एक बाई तिच्या डोळ्यांदेखत विरून गेली. तिला हायसं वाटायला हवं होतं. पण बाई गेली आणि जागा रिकामी राहिली, आणि त्या जागेवर दुसराच प्रश्न येऊन बसला. दादा तर सगळ्यांना सांगत आला होता, की ही परीक्षा नव्या पोरांसाठी आहे, जुन्यांना माफ आहे. आमचा परवाना भिंतीवर लटकतोय. मग हा दोनदा कुठल्या परीक्षेला बसला? आणि बसला तर सांगितलं का नाही?

रविवारी सकाळी धाकटा आला. तो दातांच्या कवळ्या बनवायचा. बोटांच्या पेरांत कायम गुलाबी रंग. चहाचा कप हातात घेऊनच त्याने सुरुवात केली.

“दादा, मी सरळ सांगतो. घराची वाटणी होणार असेल तर मला आधी कळायला हवं होतं. वहिनीकडून फोनवर कळावं हे काही बरं नाही.”

“मलाच कुठं माहीत होतं?” दादा म्हणाला. त्याने तो जोड टेबलावर आपटला. रबर तुटलं आणि कागद पसरले. “विचार हिलाच. टाचणे, काय कमी पडलं तुला या घरात?”

टाचणीने पसरलेल्या कागदांकडे पाहिलं, मग थोरलीकडे. “कोट बादलीत गेला तेव्हाच मी म्हटलं होतं, झालं. वहिनी, अनुक्रम तरी होता तसा ठेवायचा.”

“वन्सं, मी धुवायला म्हणून...”

“माहीत आहे. तुमचा नेम.”

“ताई, विषय बदलू नकोस,” धाकटा म्हणाला. “आईची कशावर सही घेतलीस?”

सासूबाई इतका वेळ चहात बिस्कीट बुडवत होत्या. “अरे, मला काय कुक्कुलं बाळ समजतोस? माझी सही माझा हात पकडून कोण घेणार? मी तिला प्रश्न विचारते. ती उत्तर देते. चुकलं की परत विचारते. परीक्षा आहे तिची.”

“मग रेडिओ कशाला?” थोरलीच्या तोंडून गेलं.

“तू दाराशी येतेस म्हणून.”

धाकट्याला ठसका लागला. तो हसू दाबत होता हे थोरलीला कळलं. तिचे कान तापले. पण धाकट्याचा सूर बदलला होता. “म्हणजे परीक्षाच आहे? मग देऊ दे की. दादा, एवढ्यासाठी मला सुट्टीच्या दिवशी बोलावलंस? ताई पास झाली तर ऑफिसचंच भलं.”

“ऑफिसचं?” दादा उभा राहिला. “ती आपल्या ऑफिससाठी करत नाहीये. समोरच्याकडे चाललीय. विचार तिला! गेल्या महिन्यात दोनदा त्याच्या काचेच्या दारातून आत गेली. मी काय आंधळा आहे?”

समोरचा म्हणजे रस्त्यापलीकडचा दलाल. सासऱ्यांच्या वेळेपासूनचं वैर. त्याचं नाव या घरात घेत नसत, नुसतं ‘समोरचा’ म्हणत. धाकट्याने कप खाली ठेवला आणि पुन्हा दादाच्या बाजूने सरकला, खुर्चीसकट.

“खरं आहे का, ताई?”

“खरं आहे,” टाचणी म्हणाली. “चालले होते.”

सासूबाईंचं बिस्कीट कपात पडलं. त्यांना हे ठाऊक नव्हतं, हे थोरलीच्या नजरेतून सुटलं नाही. म्हणजे आईलाही पोरीने अर्धंच सांगितलं होतं.

“एकोणीस वर्षं मी घरं दाखवतेय,” टाचणी बोलायला लागली. आवाज चढला नाही, उलट उतरला. “गिऱ्हाईक यायच्या अर्धा तास आधी जाते. खिडक्या उघडते. नळ सोडून ठेवते, म्हणजे आधीची ती खरखर निघून जाते. कुठल्या खोलीत बाईला आधी न्यायचं आणि कुठल्या खोलीत पुरुषाला, ते मला कळतं. ‘हो’ म्हणतात ते माझ्यासमोर. मग खाली येतात, आणि हात मिळवायला तू उठतोस. माझ्या कार्डावर अजून ‘कार्यालयीन मदत’ लिहिलंय, दादा. समोरच्याने विचारलं, परवाना काढलात तर टेबल देतो, पाटीवर नाव देतो. मी म्हटलं, काढते.”

“बापाच्या शत्रूकडे!”

“बाप गेला. शत्रू निदान माझं नाव तरी विचारतो.”

“मग ऐक.” दादाने टेबलावर तळवा ठेवला. “त्या परीक्षेला बसलीस, तर पुन्हा खालच्या ऑफिसात पाय ठेवायचा नाही. नाही म्हणजे नाही. धाकट्या, तू काय म्हणतोस?”

“मी काय म्हणणार? समोरच्याकडे म्हणजे जरा...”

टाचणीने तोंड उघडलं. काही तरी ओठांपर्यंत आलं आणि तिने ते गिळलं. डोळे क्षणभर आईकडे गेले आणि परत आले. थोरलीने लोकांचे खिसे बघण्यात उमर घालवली होती; भरलेला खिसा तिला कापडावरून कळे. हिच्याजवळ काही तरी होतं. दादाला एका वाक्यात खाली बसवील असं काही. आणि ती ते काढत नव्हती.

उलट दादा? स्वतः दोनदा चोरून त्याच परीक्षेला बसलेला माणूस बहिणीला उंबरा दाखवत होता. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून.

थोरली उठली. खोलीत गेली, डबा उघडला, परत आली. ही गोष्ट आपण खोलीच्या आत, दार लावून, नवऱ्यालाच विचारायला हवी होती, हे तिला कळत होतं. पण मग ती चार भिंतींत राहिली असती आणि टाचणी उंबऱ्याबाहेर. तिने ती गुलाबी चिठ्ठी दादाच्या तळव्याशेजारी ठेवली.

“हे आसन कुणाचं?”

दादाने चिठ्ठीकडे पाहिलं. वाचायची त्याला गरज नव्हती. रंग पुरेसा होता. “ते... नाटकाचं असेल. जुनं.”

“मीही दीड वर्षं तेच समजत होते. कुठलं नाटक? एकशे अठरावर कोण होतं?”

त्याने टेबलावरचा तळवा उचलला. मग खुर्चीत बसला, मोठ्या माणसासारखा नाही, शाळेतल्या बाकावर बसावं तसा.

“एकशे अठरावर एक पोरगं होतं,” तो म्हणाला. “मिसरूडही धड नव्हतं. त्याने चाळीस मिनिटांत पेपर संपवला आणि निघून गेला. मी तेव्हा सतराव्या प्रश्नावर होतो.”

“दादा, तू परीक्षेला बसलास?” धाकटा म्हणाला. “जुन्यांना माफ आहे ना?”

“नाही माफ,” टाचणीने उत्तर दिलं. आता तिने खिसा उघडला होता. “परवान्याची मुदत संपली की जुन्यांनाही परीक्षा द्यावी लागते. माझ्या अर्जात आपल्या परवान्याचा क्रमांक हवा होता, म्हणून मी तीन आठवड्यांपूर्वी भिंतीवरची फ्रेम उतरवली. खालच्या ओळीवर पुठ्ठ्याची किनार चिकटवलीय. ती उचलली. मुदत संपून वीस महिने झालेत.”

“म्हणजे वीस महिने आपण...”

“विनापरवाना. एकतीस घरं विकली त्या काळात. एकतीस करारांवर साक्षीदार म्हणून माझी सही आहे, दादा. उद्या तपासणी आली तर ऑफिसला टाळं लागेल ते लागेल, पण मला जन्मात परवाना मिळणार नाही. तू मला विचारलंससुद्धा नाहीस.”

“मग तेव्हाच का बोलला नाहीत?” थोरलीने विचारलं.

“आधी पास व्हायचं होतं. हातात काही असल्याशिवाय या घरात बोलून उपयोग नसतो, वहिनी. तुम्हाला सांगायला हवं का ते?”

धाकटा अजून दादाकडेच बघत होता. रागापेक्षा त्याला नवल वाटत होतं. “पण नापास कसा झालास? डोळे मिटून सांगशील तू या भागातली कुठली भिंत कुणाच्या बापाची आहे ते. तुझ्याएवढं कुणाला येतं यातलं?”

“त्याला येतं सगळं,” सासूबाई म्हणाल्या. “वाचता येत नाही.”

दादाने मान वर केली. “आई.”

“आता कशाला लपवायचं? साठीला आलास.” त्यांनी कप बाजूला सारला. “लहानपणी सांगायचा, अक्षरं जागची हलतात म्हणून. शिक्षकांना वाटे, चुकारपणा करतोय. वळ उठेपर्यंत मारायचे. एक ओळ वाचायला याला पाच मिनिटं लागत, आणि कुणी बघत असलं की दहा. तुमचे वडील म्हणाले, धंद्याला जीभ लागते, डोळे मी देतो. पंधराव्या वर्षी खाली नेऊन बसवला. सगळे कागद तेच वाचून दाखवत. मग ही परत आली, आणि वाचायचं काम हिच्याकडे आलं.”

“मला वाटायचं, तुला कंटाळा येतो,” टाचणी हळूच म्हणाली. “‘टाचणे, काय म्हणतोय कागद?’ एकोणीस वर्षं. फ्रेम उतरवली त्या दिवशी, तू परीक्षा का टाळत असशील असा विचार केला, तेव्हा मला कळलं.”

थोरलीला बसायला खुर्ची सापडेना. सव्वीस वर्षं, रोज सकाळी, चहाबरोबर : ‘वर्तमानपत्र वाच ना, तुझ्या आवाजात बरं वाटतं.’ औषधाच्या पट्ट्या तिने वाचायच्या, कारण त्याचा चष्मा खाली राहिलेला. लेकीची होस्टेलवरून आलेली पत्रं तिने वाचायची, कारण त्याचे डोळे भरून येतात. मैत्रिणींना ती कौतुकाने सांगायची. या माणसाचा एक खिसा तिने सोडला नव्हता, आणि हे तिला सापडलं नव्हतं.

ती गॅलरीत गेली. थोड्या वेळाने दादा मागे येऊन उभा राहिला. खाली रस्त्यावर समोरच्याचं काचेचं दार उन्हात चमकत होतं.

“मला का नाही सांगितलंत?”

“लग्न ठरताना सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. मग रोज एक दिवस उशीर होत गेला.” तो कठड्याला धरून होता. “पण तू वाचायचीस ते मला आवडायचं. ते काही खोटं नव्हतं.”

“त्यात आवड किती आणि सोय किती, ते मी आता कसं ओळखायचं?”

त्याने कठड्यावरची पकड बदलली. खोटं उत्तर त्याने दिलं नाही, एवढंच तिने पदरात पाडून घेतलं.

आत टाचणीने पुस्तक काढलं होतं. पुढचं सगळं तिने नियमांचं पान उघडून सांगितलं. तपासणी येण्याआधी आपणच परवाना कार्यालयाला कळवलं, तर ऑफिस काही महिने बंद राहील, दंड होईल, पण नाव काळ्या यादीत जाणार नाही. पत्र परवानाधारकाने स्वतः द्यायचं.

“मी सांगतो,” दादा म्हणाला. “लिहून घे.”

टाचणीने पेन उचललं नाही. “माझं नाव त्यात येणार आहे. मी लिहिणं बरं दिसणार नाही.”

मग थोरलीने लिहिलं. दादा येरझाऱ्या घालत सांगत होता आणि त्याचं एकही वाक्य अडखळत नव्हतं. तारीख, क्रमांक, एकतीस घरांचे पत्ते एका दमात, मजल्यासकट. ‘माझ्या बहिणीला याची कल्पना नव्हती,’ हे वाक्य आलं तेव्हा टाचणी म्हणाली, “शेवटचे तीन आठवडे होती.”

“ते लिहू नकोस,” दादा थोरलीला म्हणाला.

“लिहा, वहिनी,” टाचणी म्हणाली. “तीन आठवड्यांत मी एकाही कागदावर सही केलेली नाही, हेही लिहा.”

थोरली पेन उचलून दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. खरंच केली नसेल? तिने खाली जाऊन फाइल आणली, तारखा ताडून पाहिल्या, मग लिहिलं. टाचणीला राग आला नाही. “बरं केलंत,” ती म्हणाली. “अधिकारीही हेच करतील.”

सोमवारी सकाळी दादाने शटर वर केलंच नाही. सदरा घालून पत्र स्वतः देऊन आला.

टाचणी परीक्षेला बसली आणि पास झाली. चौकशी झाली, तिला तीनदा बोलावलं, शेवटी परवाना मिळाला. त्याच आठवड्यात ती रस्ता ओलांडून समोरच्याकडे कामाला लागली. ऑफिस बंद असताना कुणी तरी कमावणं भागच होतं, असं सगळे म्हणत. ऑफिसची सहा महिन्यांची बंदी संपल्यावर ती परत येईल की नाही, हे तिने सांगितलं नाही आणि तिला कुणी विचारलं नाही. पाटीवर नाव लागलं त्या दिवशी सासूबाईंनी गॅलरीतून चष्मा पुसून पुसून ते वाचलं, आणि दादाने आतून विचारलं, “मोठ्या अक्षरांत आहे का?”

समोरच्याकडे जायच्या आधी टाचणीने पुस्तकातलं एक पान दुमडून ठेवलं होतं. वाचनाची अडचण असलेल्या उमेदवाराला वाचक मिळतो, वेळही दीडपट. डॉक्टरांचा दाखला लागतो आणि एक अर्ज. तो अर्ज दोन महिने जेवणाच्या टेबलावर पडून होता. त्याच्यावर चहाचे दोन गोल उमटले. मग एका सकाळी वर्तमानपत्राच्या जागी थोरलीने तोच उचलला आणि वाचायला सुरुवात केली. नाव, वय, पत्ता तिने भरलं. ‘अडचणीचे स्वरूप’ या रकान्यापाशी थांबली.

“काय लिहू?”

दादाने खिडकीबाहेर पाहिलं.

“आहे ते लिही.”

परीक्षेच्या दिवशी त्याला मोठ्या दालनात नाही, कोपऱ्यातल्या एका खोलीत बसवलं. वाचक म्हणून एक निवृत्त कारकून आले होते, त्यांना सर्दी झालेली. थोरलीला तो माणूस पाहताक्षणी आवडला नाही. हा शब्द खाणार, घाई करणार, मुद्दाम चुकीचं वाचणार. ती दाराबाहेरच्या बाकावर बसली, पिशवी मांडीवर घेऊन, आणि कान दिला. रेडिओ नव्हता, सगळं ऐकू येत होतं.

पहिले काही प्रश्न दादाचा आवाज बारीक होता, विचारून विचारून येणारा. मग हळूहळू तो उघडला. विसाव्याच्या पुढे तो थोरलीच्या ओळखीचा झाला. गिऱ्हाइकाला घराच्या मागच्या बाजूची विहीर कुणाच्या आजोबांनी खणली ते सांगताना यायचा, तो आवाज.

“प्रश्न बावन्न,” आतून कारकून म्हणाले आणि शिंकले. “भाड्याची मुदत संपल्यावरही भाडेकरू राहत असेल आणि मालक भाडे स्वीकारत असेल, तर त्या भाडेकरूस काढण्यापूर्वी मालकाने सर्वप्रथम काय...”

“लेखी नोटीस.”

“पर्याय ऐकून घ्या. नियम आहे.”

“ऐकवा. ज्यात लेखी नोटीस असेल तो लिहा.”

थोरलीने पिशवी घट्ट धरली. म्हाताऱ्याने अ वाचला, ब वाचला, क वाचला. ड वर जरा जास्तच थांबला. मग पेन्सिलीने गोल काळा केल्याचा खरखर आवाज आला, आणि तो म्हणाला, “प्रश्न त्रेपन्न.”